पाहुण्यांची नावं अकरा, पिचरचं एकही नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर उजव्या कोपऱ्यात 'हे माहीत आहे का' म्हणून छोटी चौकट आली होती, की अमेरिकेत १८८४ च्या मोसमात चार्ल्स रॅडबर्न नावाच्या पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, एकट्यानं ५९ मॅचेस जिंकल्या आणि हा विक्रम आजवर मोडला नाही. वाचून लई बरं वाटलं, कारण सोलापूरच्या पेपरात बेसबॉलवर दोन ओळी यायच्या म्हणजे अधिक महिन्यासारखं, तीन वर्षातनं एकदा. पण त्याच पानावर खाली जिल्हास्तरीय शालेय बेसबॉल स्पर्धेचा निकाल होता आणि तो वाचून डोकंच फिरलं. त्याच्यावर लिहायचं म्हणून बसलोय, लांबलं तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आधी माझी ओळख. मी तीस वर्षं पूर्व भागात एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायला होतो आणि सुट्टीच्या दिवशी सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या मॅचेसना स्कोअरर म्हणून बसायचो. निमंत्रण पत्रिकेवर गुणलेखक छापतात, मैदानावर सगळे स्कोअररच म्हणतात, आणि पोरं तर नुसतं 'ओ लिहिणारे काका'. मी कधी खेळलो नाही, बॅट धरायलाही नीट येत नाही, पण कोण कधी आऊट झालं आणि कुणाच्या चुकीनं रन गेला हे लिहिण्यात माझी चूक काढलेला माणूस अजून भेटायचाय.

तर ती चौकट. सकाळी चहाला आम्ही चार-पाच रिटायर मंडळी बसतो, तिथं पेपर वाचून दाखवला तर एकानं लगेच मोबाईल काढला आणि म्हणतो, पेपरवाल्यांनी चुकवलंय, इथं ६० दाखवायलंय. दुसऱ्यानं त्याच्या मोबाईलवर बघितलं तर तिथं ५९. मग काय, चहा गार होईपर्यंत भांडण. मला ह्या भांडणाचं उत्तर माहीत होतं पण मी मुद्दाम पाच मिनिटं गप्प बसलो, मजा बघत.

उत्तर असं आहे की दोघंही बरोबर. तारीख २८ जुलै १८८४. रॅडबर्नची टीम प्रॉव्हिडन्स ग्रेज, समोर फिलाडेल्फिया. सुरुवात केली मिलर नावाच्या पिचरनं, नऊपैकी पाच इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेक पाळी) त्यानं टाकल्या, टीम पुढं होती, मग रॅडबर्न आला आणि उरलेल्या चार इनिंग त्यानं टाकून मॅच संपवली. आता जिंकली कुणी? मॅच टीम जिंकते ते वेगळं, बेसबॉलमध्ये प्रत्येक मॅचचा विजय एकाच पिचरच्या खात्यावर जमा होतो. त्या वेळच्या हिशेबात तो रॅडबर्नच्या नावावर पडला. आजचा नियम लावला तर सुरुवातीच्या पिचरनं पाच इनिंग पूर्ण केल्या, तो उतरला तेव्हा टीम पुढं होती आणि शेवटपर्यंत पुढंच राहिली, म्हणजे विजय मिलरचा. पण हा पाच इनिंगचा नियम पक्का झाला १९५० साली. तेव्हा जुन्या हिशेबानं ६०, नव्या हिशेबानं ५९. चहावाला पोरगा म्हणाला, मग खरं काय ते सांगा की ओ काका. मी म्हणलं, बाबा, वही खरी आहे, बेरीज करणारे दोन आहेत.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. मागावर मजुरी डझनावर असते. समजा एका कामगारानं पाळीच्या सुरुवातीला माग चालू केला, निम्मा माल विणला आणि घरनं निरोप आला म्हणून निघून गेला, मग बदली कामगार बसला आणि त्यानं माल पूर्ण करून दिला. शनिवारी पगाराच्या वेळी डझन कुणाच्या खात्यावर? पहिला म्हणणार मी बसवलं, दुसरा म्हणणार मी उतरवलं, आणि मालक म्हणणार तुम्हीच बघा काय ते. मी तीस वर्षं हेच बघितलंय. आमच्याकडं हिशेब सोपा होता, कुणी किती वेळात किती विणलं ते वहीत लिहिलेलं असायचं आणि वाटणी व्हायची. बेसबॉलमध्ये वाटणी नाही, अख्खा विजय एकालाच. त्यामुळं एका मॅचवरनं १४० वर्षं भांडण चालू राहू शकतं. आणि चालू राहू शकतं ते कशामुळं, तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोण किती इनिंग टाकून गेला हे छापलेलं आहे म्हणून! माझा सगळा मुद्दा इथंच आहे, पण त्याच्याकडं यायला थोडा वेळ लागेल, कारण १८८४ ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या वर्षी अमेरिकेत एक नाही, तीन मोठ्या लीग एकदम चालू होत्या. नॅशनल लीग, अमेरिकन असोसिएशन आणि तिसरी युनियन असोसिएशन, ही तिसरी एकाच मोसमात बंद पडली. त्यामुळं सगळ्यात जास्त विजय मिळवणारे पिचरही तीन. नॅशनलमध्ये रॅडबर्न, ५९ किंवा ६०. अमेरिकन असोसिएशनमध्ये लुईव्हिलचा गाय हेकर, ५२. युनियनमध्ये बाल्टिमोरचा बिल स्वीनी, ४०. आणि खालच्या नंबरातसुद्धा कमी लोक नव्हते, बॉस्टनचा चार्ली बफिंटन ४८, बफेलोचा पड गॅल्विन ४६, न्यूयॉर्कच्या एकाच टीममध्ये टिम कीफ आणि जॅक लिंच दोघांचे ३७-३७, टोलेडोचा टोनी मुलेन ३६. आता २०२४ मध्ये अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त विजय होते १८, आणि त्या दोघांचं, स्कूबल आणि सेलचं, केवढं कौतुक झालं. शेवटचा तिशीच्या पुढं गेलेला माणूस डेनी मॅकलेन, ३१ विजय, ते पण १९६८ साली.

हे वाचून कुणीही म्हणेल की जुन्या काळातली माणसं दूधतूप खाऊन राक्षस होती. तसं काही नाही ओ. तेव्हा पिचर बॅट्समनपासून पन्नास फुटावरनं टाकायचा, आजचं साडेसाठ फूट अंतर १८९३ पासूनचं आहे. चौकोन आखलेला असायचा आणि त्यातल्या त्यात दोन पावलं टाकून बॉल सोडता यायचा, थोडं आपल्या बॉलरसारखं. आणि नॅशनल लीगनं त्याच वर्षी खांद्याच्या वरनं हात फिरवून टाकायला पहिल्यांदा पूर्ण मोकळीक दिली होती. हेकरच्या लीगमध्ये अजून तीही नव्हती. टीममध्ये पिचर दोन, फार तर तीन, कारण पगार द्यायला पैसे नाहीत. आज पाच पिचर आलटून पालटून, शिवाय शेवटी यायला वेगळे, शंभराच्या आसपास बॉल झाले की मॅनेजर खांद्यावर हात ठेवतो. तेव्हाचा नियम काय, तर ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवायचं. रॅडबर्ननं त्या मोसमात ७३ मॅचेस सुरू केल्या आणि ७३ च्या ७३ पूर्ण टाकल्या. ६७८ इनिंगच्या वर. क्रिकेटवाल्यांना समजेल असं सांगायचं तर एकाच बॉलरनं दोन्ही एंडनी सगळ्या ओव्हर टाकायच्या आणि एक दिवसाआड परत टाकायच्या, मधे लंच नाही, टी नाही.

पण तो काही हौसेनं सगळं ओढत नव्हता, ते घडलं भांडणातनं. प्रॉव्हिडन्सकडं मोसमाच्या सुरुवातीला दोन पिचर होते, रॅडबर्न आणि एक तरुण पोरगा चार्ली स्वीनी. वरच्या बिल स्वीनीशी ह्याचा संबंध नाही, गल्लत करू नका. ह्या चार्लीनं ७ जूनला बॉस्टनच्या १९ जणांना स्ट्राईकआऊट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राईक देऊन आऊट केलं, गाव सगळं त्याच्या मागं, आणि रॅडबर्न आतल्या आत जळायला लागला. त्याचं टाकणं ढिलं पडलं, मॅनेजमेंटला वाटलं मुद्दाम करतोय, जुलैच्या मध्यावर त्याला निलंबितच केलं. आठवड्यात २२ जुलैला चार्ली स्वीनी मॅचला पिऊन आला. फ्रँक बँक्रॉफ्ट मॅनेजर होता, त्यानं सांगितलं तू आता बाजूला फील्डिंगला जा, मिलरला टाकू दे. हा मैदान सोडून सरळ निघून गेला. तेव्हा बदली खेळाडू असा सहज घेता येत नव्हता, उरलेली मॅच आठ जणांनी खेळली आणि हरले. टीमनं त्याला हाकलला. म्हणजे एक पिचर निलंबित, दुसरा हाकललेला. मालक लोक टीमच मोडीत काढायचा विचार करायला लागले. बंद पडत आलेल्या कारखान्यात मी काम केलंय, त्या बैठकीत काय बोलणं झालं असेल ते मला न सांगता कळतं.

तिथं रॅडबर्ननं सौदा केला. सगळ्या मॅचेस मी टाकतो, पण मला जादा पैसे द्या आणि मोसम संपला की मला मोकळं करा. तेव्हा खेळाडूला टीम सोडायचा हक्कच नव्हता, मालकानं राखून ठेवला की ठेवला, त्यामुळं ही मोकळं करायची अट पैशापेक्षा मोठी होती. मालकांनी मान्य केलं. आणि मग त्या माणसानं जुलैच्या शेवटापासनं जवळजवळ प्रत्येक मॅच टाकली. ऑगस्ट ते सप्टेंबर सलग १८ विजय एकट्याच्या नावावर. सांगतात की सकाळी केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जायचा नाही, मैदानावर लवकर जाऊन आधी चार पावलावरनं बॉल टाकायचा, मग आठ, मग बारा, असं करत करत हात मोकळा व्हायचा, आणि मग मॅच. वय किती, तर २९. आणि नाव पडलं होतं 'ओल्ड हॉस', म्हणजे म्हातारा घोडा. बापाचा धंदा खाटीकखान्याचा, हा पण त्यातच वाढलेला, गाव ब्लूमिंग्टन. टीमनं ११२ निकाली मॅचेसपैकी ८४ जिंकल्या, त्यात ५९ ह्याच्या. स्ट्राईकआऊट ४४१. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कीफ-लिंचवाल्या टीमबरोबर नॅशनल आणि अमेरिकन असोसिएशन ह्या दोन लीगच्या विजेत्यांच्या मॅचेस लावल्या, तीनपैकी तीन जिंकल्या, तिन्ही ह्यानंच टाकल्या.

सौद्याप्रमाणं तो मोकळा झाला खरा, पण पुढचं वर्ष प्रॉव्हिडन्सकडंच खेळला, आणि १८८५ नंतर ती टीमच बंद पडली. प्रॉव्हिडन्स हे पण आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव आहे बरं का, शेजारी पॉटकेटला स्लेटरची सूतगिरणी १७९३ पासनं. आपली जुनी गिरणी १८७७ ची, म्हणजे रॅडबर्न तिकडं टाकत होता तेव्हा इकडं जुन्या गिरणीचा भोंगा वाजायला लागून सात वर्षं झाली होती. तिकडच्या गिरण्या पण गेल्या, इकडच्या पण. असो.

एक गंमत राहिली. तो हाकललेला चार्ली स्वीनी कुठं गेला, तर युनियन असोसिएशनमध्ये सेंट लुईसला. प्रॉव्हिडन्सकडं १७ विजय झाले होते, सेंट लुईसकडं २४ केले, एकूण ४१. बिल स्वीनी ४० विजय घेऊन युनियन लीगमध्ये पहिला, आणि चार्लीचे ४१ असून तो कुठल्याच लीगमध्ये पहिला नाही, कारण खाती दोन. दोन कारखान्यात काम केलेल्या माणसाच्या बोनसचं जे होतं तेच. आणि त्याच युनियन लीगमध्ये ह्यू डेली नावाचा पिचर होता, डावा हात अपघातात गेलेला, एका हातानं खेळायचा, त्यानं त्या वर्षी ४८३ स्ट्राईकआऊट केले, रॅडबर्नपेक्षा ४२ जास्त. विजयाच्या यादीत तो वरच्या नावात कुठंच नाही. फक्त विजय मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, टीम चांगली नसली की पिचरनं जीव तोडला तरी खातं रिकामंच राहतं.

आणि टोलेडोच्या टोनी मुलेनचं सांगायलाच पाहिजे. त्याचे ३६ विजय मी वर लिहिले, पण त्याचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा मागं बसून बॉल धरणारा, कोण होता? मोझेस फ्लीटवुड वॉकर, काळा माणूस. तेव्हा हातात धड ग्लोव्ह नाही, पन्नास फुटावरनं आलेला बॉल जवळजवळ उघड्या हातानं धरायचा. कॅचर खुणेनं सांगतो कुठला बॉल टाक, पिचर टाकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलेननं पुढं स्वतःच कबूल केलंय की वॉकर माझा सगळ्यात चांगला कॅचर होता पण मला काळ्या माणसाचं ऐकायचं नव्हतं म्हणून मी त्याच्या खुणा बघायचोच नाही, मनाला येईल ते टाकायचो. म्हणजे तो बिचारा काय येणार हे माहीत नसताना धरत होता! त्या ३६ मध्ये वॉकरच्या बोटांचा वाटा किती, हे कुठल्या खात्यावर लिहायचं? त्यानंतर काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची दारं बंद झाली ती १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. वॉकर होता हे सिद्ध करायला वाद घालावा लागत नाही, कारण १८८४ च्या पेपरात तक्ता आहे आणि तक्त्यात कॅचरच्या ओळीत त्याचं नाव आहे.

हा तक्ता, ज्याला बॉक्स स्कोअर म्हणतात, बसवला कुणी तर हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं. जन्म इंग्लंडचा, लहानपणी अमेरिकेत गेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा! क्रिकेटचं स्कोअरकार्ड बघितलेला माणूस, बेसबॉल बघितल्यावर त्याला वाटलं असणार की ह्याचं पण काहीतरी पाहिजे. त्याला आता बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा आहे, रॅडबर्नच्या आधी एक वर्ष मिळाली, चॅडविकला १९३८ आणि रॅडबर्नला १९३९. स्ट्राईकआऊटला आम्ही स्कोअरर लोक आजही वहीत 'के' लिहितो ते चॅडविकचंच. लिहिणाऱ्याला खेळणाऱ्याच्या आधी मान मिळाला, हे मी घरी चारदा सांगितलंय, बायको म्हणते कळलं.

आता आपल्या खालच्या बातमीकडं या. मी मोजलं. त्या निकालात उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सूत्रसंचालन, आभार धरून नावं अकरा. दोन शाळांची नावं. फायनलचा स्कोअर आहे, पण सेमीफायनलचा नाही. आणि पिचर? एकही नाही. कॅचर? नाही. कुणी किती इनिंग टाकल्या, किती जण स्ट्राईकआऊट झाले, काही नाही. त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात १४० वर्षांपूर्वी सातासमुद्रापार कुणी किती टाकलं ते पक्क्या आकड्यानं, आणि खाली कालच आपल्या डोळ्यासमोर कुमठा नाक्याला कुणी टाकलं ते नाही. हे बघून राग यायचा नाही तर काय यायचं.

हे आजचं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शालेय मुलींच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेस, मार्च नव्हता तरी ऊन मार्चचंच, सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. वेळ कमी म्हणून पाच-पाच इनिंगच्या मॅचेस ठेवल्या आणि एका दिवसात तीन लावल्या. एका शाळेकडं पिचर एकच, नववीतली पोरगी, पूर्व भागातली, आमच्याच कारखान्यातल्या एका कामगाराची. सकाळी आठला पहिली मॅच तिनं टाकली, साडेदहाला दुसरी, दुपारी फायनल. दुसऱ्या मॅचमध्ये मधल्या बोटाचं नख उलटलं. तिनं बेंचवर येऊन चिकटपट्टी मागितली, कुणाकडं नव्हती, शेवटी माईकच्या वायरला गुंडाळलेली काळी टेप सोडून तिच्या बोटाला लावली. अंपायरनं बघितलं, बॉलवर टेप चालत नाही म्हणून काढायला लावली, बरोबरच होतं त्याचं, नियम आहे. काढली. फायनलच्या चौथ्या इनिंगला बॉलच्या शिवणीवर लाल डाग पडलेला मी टेबलावरनं बघितला. अंपायरनं बॉल बदलला. पंधरा इनिंग, तिन्ही मॅचेस जिंकल्या, माझ्या वहीत त्या दिवशी २६ 'के' आहेत. त्या पानाच्या कोपऱ्यात शेंगा चटणीचा तेलाचा डागही आहे, भाकरी खायलासुद्धा मी टेबल सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिचा बाप पेपर घेऊन आला. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. घरी तेलुगू, मराठी बोलायला झकास पण वाचायला अडखळायचा. माग बंद करून, हात पुसून, पेपर माझ्यासमोर पसरला आणि म्हणाला, "काका, ह्यात पोरीचं नाव कुठाय तेवढं दाखवा, बोट ठेवून दाखवा, मी कापून ठेवतो." मी वरनं खालपर्यंत वाचलं. परत वाचलं. सभापती होते, चेअरमन होते, शाळेचं नाव होतं, बक्षीस वाटप कुणाच्या हस्ते ते होतं. मी म्हणलं, अण्णा, आज जागा नसेल, उद्या येईल. तो "बरं" म्हणाला आणि पेपर घडी घालून घेऊन गेला. उद्या काय येतंय.

कुठला पेपर ते लिहीत नाही, त्याचा आता उपयोग नाही. पोरगी कधीच लग्न होऊन गेली, म्हणून तिचंही नाव इथं लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. पण तेव्हा छापायला पाहिजे होतं. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले हे आपण छाती फुगवून सांगतो ना, ते कुठंतरी लिहून ठेवलंय म्हणूनच सांगता येतं. ह्या पोरीच्या पंधरा इनिंग फक्त माझ्या वहीत आहेत आणि माझ्या वह्या आमच्या माळ्यावर आहेत, तिथं वाळवी आहे.

तुम्ही म्हणाल बेसबॉल वाचतं कोण. खरं आहे, शहरात क्रिकेटचंच राज्य. उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकवाले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये पिट्सबर्गच्या टीमनं घेतले तेव्हा थोडी चर्चा झाली होती, आता रिंकू सिंग म्हणलं की लोक आयपीएलमधला समजतात. पण आपल्याकडं शाळांमध्ये सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी पोरं-पोरी किती आहेत ते एकदा मैदानावर येऊन बघा. त्यांचे आई-बाप पेपर विकत घेतात, कात्रण काढून ठेवतात. आणि ज्यांना क्रीडा सवलतीचे मार्क, नोकरीला पाच टक्के वगैरेच्या भानगडीत पडायचंय त्यांना कात्रणाचा केवढा आधार वाटतो हे मला विचारा, घरी येतात माझ्याकडं, काका वहीत बघा ना आमचं नाव म्हणून.

मागणी मोठी नाही. अख्खा बॉक्स स्कोअर छापा असं मी म्हणत नाही, जाहिरातीतनं जागा उरत नाही हे कळतं. तीन ओळी. पहिल्या ओळीत दोन्ही टीमचा स्कोअर. दुसऱ्या ओळीत विजयी पिचर कोण, किती इनिंग, किती स्ट्राईकआऊट, आणि हरलेल्या टीमचा पिचर पण, कारण हरणाऱ्यानंही तेवढंच टाकलेलं असतं. तिसऱ्या ओळीत दोन्ही कॅचर. पाहुण्यांची नावं राहिलेल्या जागेत घाला, नाही मावली तर एक-दोन कमी करा, त्यांना दुसऱ्या दिवशी दुसरा कार्यक्रम असतोच.

आणि चौकटीतल्या ५९ ला दुरुस्ती छापू नका, चूक नाहीये ती. फक्त खाली बारीक टाईपात टाका की काही ठिकाणी ६० मोजतात, २८ जुलैच्या मॅचमुळं. म्हणजे आमच्या चहाच्या टेबलावरचं तरी मिटेल. मिलरचं नाव पण घाला, बिचाऱ्यानं पाच इनिंग टाकल्यात.

बुधवारपासनं कुमठा नाक्याला मुलींच्या मॅचेस आहेत. मी टेबलावर असणार. रोज संध्याकाळी सातच्या आत वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, अक्षर माझं स्वच्छ आहे, उपसंपादकाला त्रास होणार नाही. फक्त कुणाच्या नंबरवर पाठवायचं तेवढं कळवा.

आपला,
एक जुना स्कोअरर
पूर्व भाग, सोलापूर